प्रत्येकाचं नाव एकदाच

वर्षातून एकदा आमच्या बस डेपोतले ड्रायव्हर आपापली ड्युटी निवडतात, आणि त्या आठवड्यात माझ्याशी कुणी धड बोलेल तर शपथ. निवडायचा क्रम ठरतो सिनिऑरिटीच्या यादीवरून. ज्याचं नाव वर, तो आधी निवडणार. उरलेल्यातून दुसरा, मग तिसरा, आणि सगळ्यात खालच्याच्या गळ्यात पडणार स्टेशनची शेवटची फेरी, जिच्यात निम्मे प्रवासी झोपलेले असतात आणि उरलेले भांडत असतात. आता ही यादी करतं कोण? तर मी. ऑफिसच्या कोपऱ्यात बसणारी, नाकावर राग असलेली कॉम्प्युटरवाली बाई.

पूर्वी आमचे हेडक्लार्क ती हाताने करायचे. ते निवृत्त झाले आणि मॅनेजरसाहेबांनी ते काम माझ्याकडे ढकललं. माहिती सगळी कॉम्प्युटरमध्ये आहेच, तुम्ही नुसतं बटण दाबायचं, असं म्हणाले. हे ‘नुसतं बटण’ ज्या दिवशी कानावर पडतं त्या दिवशी मला डबा गोड लागत नाही. बटण दाबून यादी निघत असती तर साहेबांनीच नसतं का दाबलं?

यंदा मात्र माझा जीव त्या यादीत अडकला होता. माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, याच डेपोत बस चालवतात. अंगाने दणकट, आणि आवाज असा की हॉर्न बिघडला तरी बस अडत नाही. लग्न त्यांनी उशिरा केलं आणि केलं ते एका बेकरीवाल्याशी. भावोजींची भट्टी रात्री पेटते, सकाळी पाव निघतात, मग दुपारपर्यंत ते दुकानात गल्ल्यावर बसतात. दुपारी घरी येऊन जेवतात आणि जे आडवे होतात ते रात्रीच उठतात. आणि वन्संची ड्युटी नेमकी दुपारी सुरू होऊन रात्री संपणारी. म्हणजे या निघताना ते येतात आणि या येताना ते निघतात. दिवसातून दोनदा भेट, आणि दोन्ही वेळा दारात. एक जण बूट काढतोय, एक जण बूट घालतोय. भाजी फ्रिजमध्ये आहे, नळवाला उद्या येणार आहे, एवढं बोलायचं, किल्ली या हातातून त्या हातात द्यायची, की झाला संसार. सुट्टीचे वारही जुळत नाहीत, कारण बेकरी बंद असते त्याच दिवशी आमच्या बसना सगळ्यात जास्त गर्दी. आणि भावोजींची झोपमोड नको म्हणून वन्सं आपली सुट्टी आमच्या घरी काढतात.

यावर उपाय एकच होता, तळ्याची फेरी. पहाटे निघते, दुपारच्या आत संपते. रस्ता सावलीचा, प्रवासी म्हणजे शाळेची मुलं आणि भाजीवाल्या. ती मिळाली तर वन्सं दुपारी भावोजींच्या आधी घरी पोचणार. त्यांनी स्वतः तोंडाने कधी मागितली नाही. पण मागच्या वर्षी निवडीच्या दिवशी तळ्याच्या फेरीसमोर दुसऱ्याचं नाव लागलं, तेव्हा त्या बोर्डासमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या होत्या, आणि मी ते पाहिलं होतं.

ते दुसरं नाव होतं खडूसकाकांचं. हे आमचे जुने ड्रायव्हर. हसले तर पगार कापतील अशी त्यांना कुणी भीती घातली आहे की काय कोण जाणे. तळ्याच्या शेवटच्या थांब्यावर एक चहाची टपरी आहे, तिथला चहा त्यांना लागतो, म्हणून कित्येक वर्षं ती फेरी त्यांनी धरून ठेवली होती.

तर यादी. कॉम्प्युटरमध्ये दोन तक्ते आहेत. एकात ड्रायव्हर, म्हणजे नंबर, नाव, पत्ता. दुसऱ्यात नेमणुका, म्हणजे कोण, कधीपासून, कधीपर्यंत. कुणी नोकरी सोडून परत आला की नवी ओळ, छोट्या बसवरून मोठ्या बसवर गेला की नवी ओळ. नाव एका तक्त्यात, तारीख दुसऱ्यात, म्हणून दोन्ही जोडावे लागतात, त्याला जॉइन म्हणतात. मी जोडले आणि प्रिंट काढली. ज्याच्या जितक्या नेमणुका तितक्यांदा त्याचं नाव. वन्सं चार ठिकाणी, खडूसकाका तर पानभर. साहेबांनी कागद पाहिला आणि विचारलं की आपल्याकडे इतके ड्रायव्हर आहेत तर रोज फेऱ्या रद्द का होतात.

यावर औषध आहे, डिस्टिंक्ट. तो शब्द लिहिला की सारख्या ओळींतली एकच राहते. लिहिला. कॉम्प्युटर म्हणाला, ज्या तारखेवर क्रम लावायला सांगताय ती तारीख तुम्ही यादीत मागितलेलीच नाही, तर जमणार नाही. बरं बाबा, तारीखही मागितली. तर पुन्हा सगळे चार-चारदा. कारण एकच माणूस, पण तारखा वेगळ्या, म्हणजे त्याच्या लेखी त्या ओळीच वेगळ्या. तोवर जेवायची वेळ टळून गेली होती आणि माझं डोकं भणभणत होतं. मी तारीख काढून टाकली, क्रम लावायची ओळही रागाने काढून टाकली. यादी आली. प्रत्येकाचं नाव एकदाच, दिसायला सुरेख. मी ती न वाचताच बोर्डावर लावली आणि डबा उघडला.

क्रम सांगितला नाही तर कॉम्प्युटर त्याच्या सोयीने लावतो, आणि त्या दिवशी त्याने लावला होता तो अक्षरांप्रमाणे. आमच्याकडे एक ड्रायव्हर नुकता आला होता. आधी ट्रक चालवायचा, पोटाने मोठा, मनाने त्याहून मोठा. त्याचं नाव ‘अ’पासून सुरू होतं. तो गेला यादीत पहिला. बिचाऱ्याला वाटलं, ट्रकवरची वर्षंही धरली. त्याने बायकोला फोन केला, सगळ्यांना चहा पाजला आणि खडूसकाकांसमोर तळ्याची फेरी मागितली. खडूसकाका यादी हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले, तेव्हा कुठे मी ती वाचली. त्या दिवसापासून त्या माणसाला सगळा डेपो ‘अव्वल’ म्हणतो. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, ताई, आयुष्यात एकदा तरी पहिला आलो, कागद देता का, घरी लावतो. दिला.

मग मात्र मी दार लावून शांतपणे बसले, आणि गोम कुठे आहे ते ध्यानात आलं. माणूस एकदाच यायला हवा असेल तर त्याची तारीखही एकच हवी. आणि प्रत्येकाच्या तारखा अनेक. मग त्यातली कोणती घ्यायची? पहिल्यांदा डेपोत पाऊल टाकलं ती, की आत्ताची नोकरी जिथून सुरू झाली ती? पहिली हवी तर ‘मिन’ लिहायचं, शेवटची हवी तर ‘मॅक्स’. फरक एका एवढ्याशा शब्दाचा. हे कॉम्प्युटर सांगणार नाही, तो फक्त हट्ट धरून बसणार की आधी तुम्ही ठरवा.

मी ‘मिन’ लिहून पाहिलं. वन्सं खडूसकाकांच्या वर. तळ्याची फेरी त्यांची. मी ‘मॅक्स’ लिहून पाहिलं. वन्सं खाली, अव्वलच्या जेमतेम वर.

एवढं खाली का, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. वन्सं या डेपोत पहिल्यांदा लागल्या तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. पुढे माझ्या बाळंतपणात मी अंथरुणाला खिळले. उठून बसायचीही सोय नव्हती आणि माझ्या नवऱ्याला तर दुपट्याची घडी घालता येत नव्हती. वन्सं एक पिशवी घेऊन आल्या आणि राहिल्या. नोकरी सोडूनच आल्या होत्या, ते मला फार नंतर कळलं. मी हिंडती-फिरती झाले तरी त्यांनी जाऊ दिलं नाही, आधी तुझा तो कॉम्प्युटरचा कोर्स पुरा कर म्हणाल्या. माझी मुलगी चालायला शिकली ती त्यांचं बोट धरून. तिचा पहिला शब्द ‘आत्या’ होता, आणि माझ्यासारख्या बाईलाही त्याचा राग आला नाही, यावरून काय ते समजा. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा वन्सं डेपोत परतल्या, नव्याने, तळापासून. नेमणुकांच्या तक्त्यात त्यांच्या दोन ओळींच्या मध्ये जी मोकळी वर्षं दिसतात ती म्हणजे माझी मुलगी.

आता सांगा, मी काय लिहायला हवं होतं? हात ‘मिन’वरून हलत नव्हता. पण खडूसकाका इतकी वर्षं एकही खाडा न करता गाडी चालवत आलेत, त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगणार होते की माझ्या नणंदेची तारीख तुमच्या आधीची आहे? उद्या अख्खा डेपो म्हणेल, घरच्या घरी यादी केली. आणि ते खोटंही नसणार. मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, घ्या ना कुठलीही. कुठलीही! वांगी निवडतोय का आपण?

मी त्यांना म्हटलं, मीटिंग लावा. आधी नियम ठरू दे, नावं नंतर. नियम ठरेपर्यंत मी कुणाला यादी दाखवणार नाही आणि स्वतःही पाहणार नाही. त्यातलं शेवटचं खोटं होतं, मी पाहून बसले होते.

मीटिंग झाली गाड्या धुतात त्या शेडमध्ये. खाली ओलं, वर पत्रा, बसायला जुने टायर. मी उभं राहून प्रश्न मांडला, एकाही माणसाचं नाव न घेता. नोकरीत खंड पडला असेल तर पहिली तारीख धरायची की शेवटची? क्षणात गलका. कुणी म्हणे पहिली, कारण आलेला माणूस आलेला असतो. कुणी म्हणे शेवटची, कारण सोडून गेला तो गेला. खडूसकाका शेवटचीच्या बाजूने होते आणि लपवतही नव्हते. अव्वलला विचारलं तर तो म्हणाला, मला काहीही चालेल, मी एकदा पहिला येऊन गेलोय. शेड हसली. हात वर करायला लावले असते तर पहिली तारीख जिंकली असती. मी मोजत होते आणि नुसती मनात म्हणत होते की आता कुणी काही बोलू नका.

वन्सं उठल्या. टायरवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवला, घसा खाकरायची त्यांना गरज नसते.

“पहिली तारीख धराल तर मी वर जाईन, हे सगळ्यांना माहीत आहे, उगाच कशाला झाकायचं? पण मधली वर्षं मी चाकाला हात लावलेला नाही. ती धरू नका. आणि शेवटची धराल तर आधी जी चालवली ती कुठे गेली? ती मीच चालवली होती ना? जेवढी चालवली तेवढी मोजा, पुढचीही आणि मागचीही. बास.”

 मग खडूसकाका म्हणाले की हे बरोबर आहे. ते म्हणाले म्हटल्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मीटिंग संपली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिंकत आलेला डाव या बाईने स्वतःच्या हाताने उधळला होता. मी त्यांना गाडीपाशी गाठलं. त्या आरसा पुसत होत्या. मी काय काय बोलले ते सगळं इथे सांगत नाही. शेवटी म्हटलं की ती वर्षं तुम्ही घरी बसून काढली नाहीत, माझ्यासाठी काढली, मग ती धरायला काय हरकत होती. त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, आरशाच्या दांडीवर टाकलं.

“अगं वहिनी, ती वर्षं मी पोरीला खेळवत होते. माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं आहेत ती, माझी स्वतःची. यादीत कशाला घालतेस?”

आणि गाडी काढून निघून गेल्या. मी तिथेच उभी राहून रडले, आणि धुलाईवाल्याने विचारलं तर सांगितलं की डोळ्यात साबण गेला.

मग ते लिहायला किती वेळ लागला म्हणता? दोन्ही तक्ते जोडा, प्रत्येक ड्रायव्हरच्या सगळ्या नेमणुका एकत्र बांधा, प्रत्येक नेमणुकीचे दिवस काढून बेरीज करा, आणि त्या बेरजेवर मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावा. डिस्टिंक्ट लिहावंच लागलं नाही. माणसाचा सगळा हिशेब एका जागी बांधला की तो आपोआप एकदाच येतो. इतके दिवस मी दुबार नावं पुसत बसले होते, आणि करायची होती ती बेरीज. ओळी झरझर खाली आल्या. मी एकेक नाव वाचलं, या वेळी जेवायच्या आधी. खडूसकाका आणि त्यांच्या लगेच खाली वन्सं. मधे कुणीही नाही. मी यादी तशीच लावली.

निवडीच्या दिवशी सगळे बोर्डासमोर जमले. वरच्या लोकांनी आपापल्या ठरलेल्या ड्युट्या घेतल्या, तळ्याच्या फेरीला कुणी हात लावला नाही, कारण ती कुणाची हे डेपोतल्या मांजरालाही माहीत होतं. खडूसकाकांची वेळ आली. ते पुढे झाले, चष्मा लावला, बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला, जणू पहिल्यांदाच पाहतायत. मी वन्संकडे पाहिलं नाही. माझ्याने पाहवलंच नसतं.

तळ्याची, असं म्हणून ते थांबले. मग माझ्याकडे वळले.

“एक आठवडा मी, एक आठवडा या. त्यांच्या आठवड्याला त्यांची दुपारची मी चालवीन. चहा आठवडाआड मिळाला तर मी काही मरत नाही.”

साहेब म्हणाले की असा काही नियम नाही. खडूसकाका म्हणाले, यांनी परवा तोंड बंद ठेवलं असतं तर मला आठवडाआडही मिळाली नसती, हे कुठल्या नियमात बसतं ते आधी सांगा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एका फेरीला एकच ड्रायव्हर अशी कॉम्प्युटरमध्ये सोय आहे. मी म्हटलं, त्यात काय, मी दोन ओळी घालते. आणि घातल्या. तळ्याची फेरी आता यादीत दोनदा येते, आणि ती दुबार ओळ पुसायला मला कुणी सांगून तर बघू दे.

 खडूसकाकांच्या खांद्यावर वन्संनी एक थाप मारली, काका जरा पुढे झुकले, एवढंच. अव्वलने ताबडतोब जाहीर केलं की चहा आज काकांकडून. आणि काकांनी पाजला, तोही न कुरकुरता.

वन्संचा पहिला आठवडा सुरू झाला त्या संध्याकाळी मला राहवेना. मुलीला घेऊन त्यांच्या घरी गेले. निमित्त म्हणून एक रिकामा डबा परत करायचा होता. दार नुसतं लोटलेलं होतं. जोड्यांच्या फळीवर दोघांचे बूट शेजारी शेजारी होते, आणि ते बघून मला इतकं नवल वाटलं की मी क्षणभर तिथेच थांबले. टेबलावर दोन ताटं, दोन्ही पुसून खाल्लेली. पावाचा एक तुकडा उरलेला. आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता आणि भावोजी पाठीवर झोपले होते. पलंगाशेजारी खुर्ची ओढून वन्सं बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. हातात काही काम नाही, टीव्ही नाही, फोन नाही. मी त्यांना असं नुसतं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मुलगी आत्या म्हणून हाक मारणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला खुणेने जवळ बोलावलं. भावोजी घोरत होते. साधंसुधं नाही, चढावर गियर बदलल्यासारखं, मधेच अडखळून पुन्हा जोर धरणारं. मुलीने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. मला वाटलं वन्संही हसतील. त्या भावोजींकडेच बघत होत्या. मग माझा हात धरून खाली ओढला आणि त्यांच्या त्या हॉर्नसारख्या आवाजाला जमेल तितक्या हळू माझ्या कानात विचारलं,

“वहिनी, हे घोरायला कधीपासून लागले गं?”